कोठार केवढं, आणि दारं किती?

आमच्या टीममधला एक नवा मुलगा परवा डेटा वेअरहाउस "उभं करत" होता. म्हणजे काय, तर ब्राउझरमध्ये एक पान उघडून यादीतून माप निवडत होता. स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज... रस्त्यावर टी-शर्ट घ्यावा तसं! मी विचारलं, "मीडियमच का रे?" तर म्हणाला, "सर, कमी पडलं तर उद्या लार्ज करू की. दोन मिनिटांचं काम आहे."

खरं आहे त्याचं. पण मला एकदम २००५ सालचा नोव्हेंबर आठवला आणि पोटात गोळा आला. तो किस्सा पुढे येईलच. पण तो नीट कळायचा तर आधी थोडं मागे जायला हवं. तेव्हा मंडळी, शनिवार सकाळ आहे, चहा घेऊन बसा.

कोपऱ्यावरच्या वाण्याला डेटा वेअरहाउस लागत नाही. कुणाकडे पाहुणे आलेत, कोणाची उधारी किती, श्रावणात साबुदाणा किती मागवायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. अडचण येते ती दुकानं वाढल्यावर. सॅम वॉल्टनने पहिलं वॉलमार्ट १९६२ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात रॉजर्स नावाच्या लहानशा गावात उघडलं. हा माणूस पैशाला प्रचंड चिकट. संगणकावर खर्च करायला त्याचा कायम नकार, पण हिशोबाची किंमत त्याला पक्की ठाऊक होती. १९६६ साली तो आयबीएमने दुकानदारांसाठी चालवलेल्या वर्गाला जाऊन बसला, आणि तेही म्हणे वर्गातला सगळ्यात हुशार माणूस हेरून नोकरीला ठेवण्यासाठी. (आमच्या एचआरला हे सांगायला हवं.)

तरी सत्तरच्या दशकापर्यंत कुठल्याही मोठ्या दुकानाला दिवसाअखेर गल्ल्यात किती जमले एवढंच कळायचं. नेमकं काय विकलं गेलं, ते कळायचं शेल्फ मोजल्यावर. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगमचं एक पाकीट स्कॅनरवरून सरकलं. किंमत ६७ सेंट. बारकोडची ही पहिली विक्री. गंमत म्हणजे बारकोड आणताना मुख्य हेतू काउंटरवरची रांग लवकर हलावी आणि किमतीची लेबलं चिकटवायचा खर्च वाचावा एवढाच होता. विकलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद हा जोडउत्पन्नाचा भाग, उसाबरोबर बगॅस निघावा तसा.

पुढे हा बगॅसच सोन्याच्या भावाने विकला जाणार होता. पण ठेवायचा कुठे? वॉलमार्टने १९८७ साली स्वतःचं उपग्रह-जाळं पूर्ण केलं. अमेरिकेतलं खाजगी मालकीचं ते तेव्हा सर्वात मोठं होतं. दुकानांतले आकडे आता मुख्यालयात, बेंटनव्हिलला, रोजच्या रोज येऊन आदळू लागले.

इथे आपला, म्हणजे हार्डवेअरचा, प्रश्न सुरू होतो.

तोवर यंत्राची क्षमता ठरवायची रीत सरळ होती. बँक किंवा रेल्वे-आरक्षण डोळ्यांसमोर आणा. एक व्यवहार म्हणजे चार-पाच नोंदी वाचायच्या, दोन लिहायच्या. तासाला इतके व्यवहार, एका व्यवहाराला इतकं काम. करा गुणाकार, वर तीस टक्के चढवा, मेनफ्रेमची ऑर्डर द्या. पण "गेल्या वर्षी याच आठवड्यात दक्षिणेकडच्या सगळ्या दुकानांत टूथपेस्ट किती गेली?" हा प्रश्न विचारणारा माणूस एकच असतो आणि नोंदी वाचाव्या लागतात कोट्यवधी. त्याला उत्तर मिळाल्यावर तो आणखी दहा प्रश्न विचारतो. आणि उत्तर यायला दोन दिवस लागले तर तो प्रश्न विचारणंच सोडून देतो. म्हणजे मागणी किती हे यंत्राच्या वेगावर ठरतं, आणि यंत्र केवढं हे मागणीवरून ठरवायचं! घ्या.

यावरचा एक मोठा तोडगा लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागातल्या एका गॅरेजमधून आला. १९७९ साली जॅक शेमर, फिलिप नेचेस आणि त्यांच्या साथीदारांनी टेराडेटा नावाची कंपनी काढली. नावातच डिंग होती: टेरा म्हणजे दहाचा बारावा घात. त्या काळातली चांगली मोठी डिस्क अर्ध्या गिगाबाइटच्या आसपास असायची, म्हणजे एका टेराबाइटला अशा दोन हजार लागल्या असत्या. पहिल्या यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं डीबीसी/१०१२. हे १०१२ म्हणजे दहा आणि त्यावर बारा, घात वर न लिहिता शेजारी लिहिलेला. १९८३ च्या अखेरीस वेल्स फार्गो बँकेत चाचणीसाठी पहिलं यंत्र गेलं आणि १९८४ ला ते बाजारात आलं.

कल्पना साधी होती. एक मोठा, महागडा प्रोसेसर घेण्याऐवजी शेकडो स्वस्त प्रोसेसर घ्या. (सुरुवातीला इंटेलचा ८०८६, म्हणजे आपल्या पहिल्या पीसींच्या घराण्यातलाच.) प्रत्येकाला आपापली डिस्क द्या. कोणाची डिस्क कोणाशी वाटून घ्यायची नाही. नोंद आली की तिच्या किल्लीवर एक गणिती सूत्र चालवायचं आणि येणाऱ्या आकड्यानुसार ती कोणत्या प्रोसेसरकडे जाईल ते ठरवायचं. प्रश्न आला की तो सगळ्यांना एकदम ओरडून सांगायचा, प्रत्येकाने आपल्यापुरतं उत्तर काढायचं, आणि मधल्या जाळ्याने ती उत्तरं गोळा करून क्रमाने लावत वर न्यायची.

लग्नातली पंगत आठवा. पाचशे पानं आहेत आणि वाढपी वीस. प्रत्येकाकडे पंचवीस पानं असतील तर पंगत झटपट उठते. पण एकाच्या वाट्याला दोनशे आली, तर बाकीचे एकोणीस रिकामी पातेली घेऊन उभे राहिले तरी पंगत त्या एकाच्याच वेगाने उठणार. किराण्याच्या डेटात हा धोका पावलोपावली असतो. वाटणी तारखेवरून केली तर आजची सगळी विक्री एकाच प्रोसेसरच्या बोकांडी. दुकानावरून केली तर मोठ्या दुकानांचे प्रोसेसर मरतात आणि खेड्यातल्या दुकानांचे झोपा काढतात. म्हणून वस्तू आणि दुकान मिळून किल्ली करायची.

याचा मोठा फायदा असा की क्षमतेचं गणित पुन्हा गुणाकारावर आलं. डेटा दुप्पट झाला? वाढपी दुप्पट करा, वेळ तेवढाच लागेल. कागदावर तरी.

(अवांतर: नव्वदच्या दशकात टेराडेटाने ही खास बनावटीची यंत्रं सोडून नेहमीच्या इंटेल सर्व्हरांची जुळणी सुरू केली. त्यांना जोडणाऱ्या जाळ्याचं नाव बायनेट. हे "बनियन नेटवर्क"चं छोटं रूप, कारण त्याची रचना वडाच्या झाडासारखी. आणि वडाला इंग्रजीत बनियन का म्हणतात? तर इराणच्या किनाऱ्यावर अशाच एका झाडाखाली आपल्याकडचे गुजराती वाणी जमत, म्हणून युरोपियनांनी झाडालाच वाण्याचं नाव दिलं. जगातल्या सर्वात मोठ्या वाण्याचा डेटा अखेर वाण्याच्याच झाडाखाली आला म्हणायचा!)

वॉलमार्टकडे परत येऊ. १९९२ साली एक टेराबाइटच्या पुढे गेलेली पहिली टेराडेटा यंत्रणा सुरू झाली ती त्यांच्याकडेच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅम वॉल्टन गेला. या कोठारात काय ठेवायचं, तर प्रत्येक वस्तू, प्रत्येक दुकान, प्रत्येक दिवस. आणि किती काळ? पासष्ट आठवडे.

मला या पासष्टचं फार कौतुक वाटतं. बावन्न आठवड्यांचं वर्ष, वर तेरा आठवड्यांची तिमाही. म्हणजे कोणत्याही दिवशी मागच्या वर्षीचा हाच आठवडा, आणि त्याच्या आगेमागेचा मोसमही हाताशी. दुकानदाराला मूळ प्रश्न हाच असतो, "गेल्या वर्षी या वेळी काय झालं होतं?" त्याच्या उत्तराला लागेल तेवढंच ठेवायचं. आधी किती डिस्क परवडतात ते बघून डेटा कापला नाही. आधी प्रश्न ठरवला, मग त्यावरून आठवडे आणि मग डिस्क.

१९९१ पासून त्यांनी रिटेल लिंक नावाने हे आकडे माल पुरवणाऱ्या कंपन्यांनाही उघडे केले. साबण बनवणारा आपला साबण कोणत्या दुकानात किती खपला हे स्वतः बघू शकला. आता जरा क्षमता ठरवणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसा. कालपर्यंत प्रश्न विचारणारी मंडळी मुख्यालयातली, ओळखीची. फार झालं तर जिन्यात गाठून "बाबा रे, ती क्वेरी रात्री चालव" म्हणता येत होतं. आता हजारो परके लोक, प्रत्येकाची नोकरी त्या आकड्यांवर अवलंबून, सोमवारी सकाळी एकाच वेळी दारात.

आकार कसा वाढला बघा. १९९२ मध्ये एक टेराबाइट, १९९७ मध्ये चोवीस, २००४ मध्ये चारशे साठ. आणि २००८ साली टेराडेटाने आपल्या पेटाबाइटवाल्या ग्राहकांची नावं जाहीर केली, त्यात वॉलमार्ट अडीच पेटाबाइटवर होतं. ९२ ते ०४ या बारा वर्षांत अमेरिकेतली दुकानं साधारण दुप्पट झाली. डेटा मात्र साडेचारशे पट! दुकानं मोजून अंदाज बांधणारा साफ तोंडावर आपटला असता. दिवसाच्या बेरजेवरून लोक पावतीवर गेले, पावतीवरून पावतीतल्या ओळीवर, मग सोबत काय घेतलं त्यावर. २००४ च्या सप्टेंबरात फ्रान्सेस वादळ फ्लोरिडावर यायच्या आधी त्यांनी काही आठवड्यांपूर्वीच्या चार्ली वादळातली विक्री धुंडाळली. वादळाआधी स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट्स नेहमीच्या सातपट खपतात आणि सगळ्यात जास्त खपते ती बिअर, असं निघालं. ट्रक भरून माल आधीच रवाना. हा प्रश्न १९९२ मध्ये कोणाच्या क्षमता-आराखड्यात असणार?

(बिअर आणि डायपरची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. ती वॉलमार्टच्या नावावर खपवतात, पण ती त्यांची नव्हे. १९९२ च्या सुमारास टेराडेटाच्या एका गटाने ऑस्को ड्रग नावाच्या औषधदुकानांच्या सुमारे बारा लाख पावत्या तपासल्या, त्यात संध्याकाळी पाच ते सात या वेळात हे दोन जिन्नस सोबत जाताना दिसले. त्यावरून शेल्फ हलवले वगैरे काही झालं नाही.)

आता माझा किस्सा.

आमच्या पिढीने हे गणित शिकलं ते राल्फ किंबॉल यांच्या १९९६ च्या 'द डेटा वेअरहाउस टूलकिट' या पुस्तकातून. त्यातलं किराणा दुकानांचं उदाहरण अजून पाठ आहे. ३०० दुकानं, दर दुकानात रोज खपणाऱ्या ३,००० वस्तू, ७३० दिवस. गुणाकार ६५ कोटी ७० लाख नोंदी. प्रत्येकी आठ रकाने, रकान्याला चार बाइट, झाले २१ गिगाबाइट. वर इंडेक्स, बेरजांची टेबलं, तात्पुरती जागा यासाठी आम्ही तीन ते पाचने गुणायचो. एक्सेलची शीट तयार!

२००५ साली मी हिंजवडीत बसून अमेरिकेच्या मध्य भागातल्या एका दुकानसाखळीचं वेअरहाउस सांभाळणाऱ्या टीममध्ये होतो. (नाव विचारू नका.) जुनी यंत्रणा भरत आली होती. तिच्यात ३६ गिगाबाइटच्या १२० डिस्क, म्हणजे सुमारे ४.३ टेराबाइट. दुप्पट जागा हवी होती. मी शीट केली आणि मोठ्या ऐटीत सुचवलं: ३०० गिगाबाइटच्या ३० डिस्क. नऊ टेराबाइट! जागा दुपटीहून जास्त, वीज कमी, रॅक कमी, पैसे कमी. मला शाबासकीचा मेल आला, तो मी घरी आईलाही दाखवला.

चाचणी ऑक्टोबरमध्ये केली. एकेक क्वेरी चालवून पाहिली, सुसाट. शंभर जण एकदम आले तर काय, ते कोणी पाहिलं नाही. कोणी म्हणजे मी.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार २५ नोव्हेंबरला होता, त्यांच्या वर्षातला सगळ्यात मोठा विक्रीचा दिवस. दुकानं बंद झाल्यावर मध्यरात्री डेटा भरायला सुरुवात व्हायची, सकाळी सहाला संपायचं. आपल्याकडे शनिवार दुपारी साडेअकरा ते साडेपाच. साडेपाचला बघतो तर तिसरा हिस्साही झाला नव्हता. त्यात सकाळ झाल्यावर त्यांचे खरेदीवाले कामावर आले आणि रिपोर्ट उघडू लागले. मग तर गाडा रुतलाच. भरणं संपलं ते आपल्या रात्री साडेअकराला, म्हणजे तिथली भर दुपार. शुक्रवारी काय संपलं ते न कळल्यामुळे शनिवारचा माल अंदाजानेच गेला. ज्या दुकानांत खेळणी संपली होती तिथे ती गेली नाहीत.

आमच्याकडे पन्नाशीचे एक डीबीए होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. ते संध्याकाळी घरून आले, माझी शीट उघडायला लावली आणि दोन मिनिटं बघत राहिले.

"गोडाऊन मोठं घेतलंस रे. पण दारं किती ठेवलीस?"

"म्हणजे काका?"

"आधी एकशेवीस दारं होती. आता तीस आहेत. हमाल कितीही आण, आत-बाहेर होणार कुठून?"

झालं होतं ते असं. डिस्कवर कुठली तरी एक नोंद शोधायची तर मुंडी हलावी लागते, तबकडी फिरून ती नोंद खाली यावी लागते. याला वेळ लागतो आणि तो काही कमी होत नाही. १९८० साली आयबीएमची ३३८० आली तेव्हा फ्रिजएवढ्या डब्यात अडीच गिगाबाइट मावत आणि एक नोंद गाठायला सरासरी चोवीस मिलिसेकंद लागत. २००५ मधल्या माझ्या हातात मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या १२० पट माल आणि वेळ सात-आठ मिलिसेकंद. पाव शतकात पोट सव्वाशे पट, पाय जेमतेम तिप्पट. अशी एक डिस्क सेकंदाला सव्वाशेच्या आसपास फुटकळ वाचनं करते. माझ्या जुन्या १२० डिस्क मिळून पंधरा हजारांच्या वर जायच्या, नव्या तीस मिळून चार हजारसुद्धा नाही. इंडेक्स अद्ययावत करणं म्हणजे असलीच फुटकळ वाचनं-लिहिणी, लाखोंनी. माझ्या शीटमध्ये गिगाबाइटचा रकाना होता. तबकड्या किती, हा रकानाच नव्हता.

टेराडेटावाल्यांनी १९८४ मध्येच प्रत्येक प्रोसेसरला आपली डिस्क का दिली, ते मला त्या शनिवारी रात्री कळलं. वाचलेलं आधीच होतं, ही वेगळी गोष्ट.

पुढच्या वर्षी आम्ही ७३ गिगाच्या १२० डिस्क मागवल्या. जागा ८.७ टेराबाइट, दारं पूर्वीइतकीच. खर्च वाढला. "बाजारात ३०० गिगाच्या मिळतात, मग लहान का?" अशी खरेदी विभागाची तीन पत्रं आली. काकांनी तिन्ही पत्रांना एकच उत्तर पाठवलं: २६ नोव्हेंबरचा लॉग. आणि रात्रीत सगळं भरायच्या ऐवजी दिवसभर तासातासाला भरायला लागलो.

आता हे सगळं जुनं झालं. फिरत्या तबकड्यांची जागा फ्लॅशने घेतली, साठा वेगळा आणि गणित करणारी यंत्रं वेगळी झाली, दारं भाड्याने मिळतात. त्या मुलाला मी हा सगळा पुराण ऐकवला, त्याने सभ्यपणे ऐकून घेतला. मग मी विचारलं, "विक्री किती आठवडे ठेवतो आहेस?"

"बावन्न, सर. एक वर्ष. जुनं आपोआप डिलीट होतं."

हा ग्राहक इथलाच आहे, आपल्याकडची दुकानं. मी कॅलेंडर उघडायला सांगितलं. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरवर. मधले दिवस ३८४, म्हणजे जवळपास पंचावन्न आठवडे. बावन्न आठवडे मागे गेलं तर हाताशी येतो १३ नोव्हेंबर २०२२, दिवाळी उलटून तीन आठवडे झालेले, दुकानात शुकशुकाट. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग फार तर आठवडाभर सरकतं, आपली दिवाळी पळते. मागच्या दिवाळीचा आकडा हवा त्या दिवशी तो आधीच पुसलेला असणार. आणि तो मीडियमचं लार्ज करून परत येत नाही.

तो थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

"पासष्ट पुरतील, सर?"

"पुरतील," मी म्हटलं. "पण आज रात्री डिलीटचा जॉब किती वाजता चालतो ते आधी बघ."